न काढलेल्या फोटोंमधली भिंत

राठोड साहेबांनी लॅपटॉप विलासकडे फिरवला आणि पेनाच्या टोकाने स्क्रीनवर एक जागा दाखवली.

"हे पाय. ही भिंत. सरळ हाये का नाई?"

विलास वाकून बघत राहिला. तो जेसीबीचा ऑपरेटर, अनसिंगचा. मशीनवरून तसाच उठून आला होता, हाताला ग्रीस होतं. ते लॅपटॉपला लागू नये म्हणून त्याने हात मागे धरले होते.

"दिसते तं सरळच, साहेब."

"कुठं पोट हाये? कुठं तडा हाये?"

"नाई दिसत."

"मंग सरळ भित आपोआप पडली का? बकेट लागलं तुह्यं."

"नाई लागलं, साहेब. मी माती उचलली, मशीन मांगं घेतली, अन मंग भित आली. माह्या समोर आली."

"म्हन्जे हे स्क्रीन खोटं बोलून राह्यलं?"

मी टेबलाकडे बघत राहिलो. त्या खोलीत या प्रश्नाचं उत्तर एकट्या मला ठाऊक होतं. स्क्रीनवरची ती भिंत माझ्या कॅमेऱ्याने कधी पाहिलीच नव्हती.

मी सर्व्हेचं काम करतो. राहतो वाशिमला, फर्म अकोल्याची. रिसोडच्या जुन्या बाजाराकडच्या एका गल्लीत काँक्रीटची नाली बांधायची होती. नाली म्हणजे आधी खोल चर, आणि चर म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांच्या पायाला धोका. त्या गल्लीतली बरीच घरं माती-विटांची, वरून प्लास्टर केलेली. म्हणून खोदण्याआधी प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीचं मोजमाप घ्यायचं ठरलं. जी भिंत झुकलेली किंवा पोट आलेली, म्हणजे फुगलेली, तिच्यावर लाल खूण, आणि तिथे आधी टेकू लावायचे. जी भिंत ठीक, तिच्यावर हिरवी खूण, तिथे मशीन सरळ जाऊ शकते. राठोड साहेब कंत्राटदाराचे इंजिनिअर. खुणा त्यांची माणसं करणार होती, पण कुठे कोणती करायची हे माझ्या मॉडेलवरून ठरणार होतं.

हे मॉडेल फोटोंपासून बनतं. त्याला फोटोग्रामेट्री म्हणतात. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे मुद्दा कळेल. दोन डोळे दोन जागांवरून बघतात म्हणून आपल्याला अंतर समजतं. कॅमेऱ्याला एकच डोळा. म्हणून तो डोळा आपण चालवत न्यायचा. एक पाऊल बाजूला सरकायचं, फोटो. पुन्हा एक पाऊल, पुन्हा फोटो. मागच्या फोटोतला बराचसा भाग पुढच्या फोटोत आलाच पाहिजे. भिंतीवरचा प्रत्येक डाग, प्रत्येक खिळा निदान तीन-चार फोटोंत दिसला, तर कॉम्प्युटर त्याची नेमकी जागा काढतो. असे लाखो ठिपके मिळाले की भिंत उभी राहते. तिची फुगी, तिचा झोक, सगळं मोजता येतं.

ड्रोन इथे चालला नसता. गल्ली अरुंद, वर तारांचं जाळं, आणि प्रत्येक दुकानापुढे पत्र्याचं छप्पर. वरून पाहिलं तर नुसते पत्रे. म्हणून पायी.

पायी काढायचे फोटो सोपे वाटतात, पण नवा माणूस नेमका तिथेच चुकतो. तो एका जागी उभा राहतो आणि मान फिरवतो तसा कॅमेरा फिरवतो. लग्नाच्या फोटोला ते चालतं, मोजमापाला नाही, कारण डोळा जागचा हललेलाच नसतो. झूम मध्येच बदलायचं नाही. कॅमेऱ्याला उजेड आपोआप ठरवू द्यायचा नाही, नाही तर एकच भिंत एका फोटोत पांढरी आणि दुसऱ्यात पिवळी येते. एक फेरी छातीच्या उंचीवरून, एक काठीवर कॅमेरा लावून वरून, आणि कोपऱ्यांशी तिरकस फोटो जास्तीचे. ऊन नको. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला, कारण सावली सरकते आणि सॉफ्टवेअर सरकत्या गोष्टीला फसतं. माणसांचंही तसंच. जाणारा-येणारा माणूस परवडतो. आपल्याबरोबर चालणारा परवडत नाही. तो प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो आणि सॉफ्टवेअरला वाटतं, हाच काय तो स्थिर आहे.

गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं. त्याचा मालक माझ्याबरोबर चार दुकानं चालत आला.

"माहा एक चांगला काढा ना, सर."

"तुमचा नाही काढायचा. दुकानांचे काढायचेत."

"मंग मी काय दुकानाच्या बाहीरचा हाओ का?"

त्याचा वेगळा एक फोटो काढला, तेव्हा तो परत फिरला. दिवस ढगाळ होता. काम छान चाललं होतं. मला आठवतं, मी मनात स्वतःवर खूश होतो.

गल्लीच्या मध्यावर एक गादी-रजईचं दुकान होतं. मागे आणि वर घर. दुकानाचं शटर खाली होतं. छपराखाली ताडपत्री अंथरलेली, प्लास्टिकच्या खुर्च्या, माणसं गप्प बसलेली. मी शेजारच्या दुकानदाराकडे पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "रफीकभाई गेले. सकाळीच. अटॅक." रफीकभाई म्हणजे दुकानाचे मालक. वय माझ्याएवढंच.

मी कॅमेरा काठीवरून काढला आणि बॅगेत ठेवला. दुसरं काही सुचलं नाही. मयताच्या दारात उभं राहून पावला-पावलाने फोटो काढणं मला शक्य नव्हतं. थोड्या वेळाने जनाजा निघाला. आपल्याकडे अशा वेळी कोणी कडेला उभं राहत नाही. हॉटेलवाला आला, किराणावाला आला, मीही गेलो. गल्लीच्या टोकापर्यंत चाललो. मग परत आलो आणि रफीकभाईंच्या घराच्या पुढच्या घरापासून काम सुरू केलं.

एवढं करण्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते पुढे.

राहिलेली भिंत दुसऱ्या दिवशी काढू, असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरी गल्ली होती. नंतर बाजाराचा दिवस, सोयाबीनच्या गाड्या, पाय ठेवायला जागा नाही. मग वाटलं, घरात दुखवटा आहे, बाई इद्दतीत असेल, आपण दारापुढे कशाला जायचं? नवरा वारल्यावर चार महिन्यांहून थोडा जास्त काळ बाईने घरातच राहायचं, परपुरुषासमोर यायचं नाही, ही इद्दत. मला हे माहीत होतं. त्या माहितीचा मी सोयीस्कर उपयोग केला.

मॉडेल तयार झालं तेव्हा गल्लीच्या ओळीत तेवढीच जागा रिकामी होती. पडलेल्या दातासारखी. फर्मच्या शिरसाट मॅडमचा अकोल्याहून फोन आला.

"झालं का?"

"जवळजवळ. एका घराचा भाग राहिलाय."

"केवढा?"

"एकच घर आहे, मॅडम."

"मग करून घ्या. मला भोकं असलेलं मॉडेल क्लायंटला दाखवता येत नाही."

करून घ्या म्हणजे जाऊन फोटो काढा, असाच त्याचा अर्थ होता. मॅडमवर मी काही ढकलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये भोक बुजवण्याची एक सोय असते. भोकाच्या चारी कडांवरून ते एक पापुद्रा ताणून बसवतं आणि आजूबाजूचा रंग त्यावर ओढून घेतं. खांबामागची बोटभर जागा, पाइपच्या आडची फट, यासाठी ती सोय आहे. मी ती एका अख्ख्या घराला वापरली. एक क्लिक. शेजारच्या दोन सरळ भिंतींमधून एक तिसरी सरळ भिंत ताणली गेली. अगदी गुळगुळीत. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, संपूर्ण गल्लीचं चित्रण पूर्ण. राठोड साहेबांच्या माणसाने त्या भिंतीवर हिरवी खूण मारली.

पुढे महिन्याभराने चर तिथवर आला आणि भिंत बाहेर, चरात कोसळली. रफीकभाईंची आई आत उंबऱ्याजवळ बसली होती. वरच्या माळ्याच्या तुळईने तिचा पाय मोडला. तिला वाशिमला नेलं. जीव वाचला, तो योगायोगाने. रफीकभाईंचा भाऊ सलीम चिडून म्हणत होता, मशीनवाल्याने धक्का दिला, मी पोलिसात अर्ज देतो. म्हणून ती बैठक, म्हणून तो लॅपटॉप, आणि म्हणून विलास हात मागे धरून उभा.

बैठक संपली. साहेबांनी त्याला मशीनवरून उतरवलं. ऑपरेटरच्या नावावर घर पाडल्याचं एकदा लागलं की आसपासच्या तालुक्यांत त्याला कोणी मशीनवर बसवत नाही. विलास हॉटेलपाशी उभा होता. मी मान खाली घालून जात होतो. त्याने हाक मारली.

"सर, ते फोटो तुमीच काढले ना?"

"हो."

"एकदा नीट पाहा ना, सर. त्या भितीले पोट होतं. मी सोताच्या डोयानं पाह्यलं."

"पाहिलं होतं तर खोदलं कशाला?"

"हिरवी खून होती ना. मले वाटलं, एवढ्या मोठ्या मशिनीनं मोजलं, आपल्या डोयाचं काय घेऊन बसता?"

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. टोमणा असता तर सोपं गेलं असतं. मी उलट फिरलो आणि राठोड साहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, त्या घराचे फोटोच नाहीत. ती भिंत सॉफ्टवेअरने भरलीय. मी भरलीय."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अन हे तुमी आता सांगून राह्यले?"

"हो."

"मघाशी तो पोट्टा इथं उभा होता तवा तोंडात काय होतं?"

साहेबांनी लॅपटॉप बंद केला. मग म्हणाले, "ठीक. फोटो नाई. पन फोटो नाई म्हन्जे पोट होतं असं कुठं सिद्ध होते? सलीम म्हन्ते धक्का मारला. विलास म्हन्ते नाई मारला. तुमचं तं आता काहीच धरता येत नाई. त्या भितीचं काही आना माह्यापुढं. नाई तं मी त्याले परत घेऊ शकत नाई."

भिंत तर पडलेली. तिचा फोटो फक्त त्या घरात असू शकत होता.

मी सलीमला भेटलो. झालं ते सगळं सांगितलं. तो माझ्यावर धावून आला नाही, याचं मला नवल वाटलं. म्हणाला, "मले नका सांगू. भाभीले सांगा. घर तिचं हाये." पडलेल्या भिंतीच्या जागी हिरवी ताडपत्री लावली होती. तिच्यामागे शकीलाभाभी येऊन बसल्या. मी ताडपत्रीशी बोलत होतो. आतून हातपंख्याचा आवाज येत होता, बांगड्यांचा नाही.

"त्या दिवशी तुमी मयतीत होते का?" त्यांनी विचारलं.

"हो. टोकापर्यंत गेलो होतो."

"मंग नंतर काहून नाई आले?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून. घरात दुःख होतं. दारात येऊन फोटो काढणं बरं वाटलं नाही."

"फोटो भितीचा काढाचा होता ना, भाऊ? सलीमले सांगतलं असतं तं आमी दार लावून घेतलं असतं. तुमी इचारलंच नाई."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"पोट होतं," त्या म्हणाल्या. "हे हर साल पावसायाच्या आधी म्हनत, यंदा भित उतरवून घेऊ. राहूनच गेलं."

सलीम चमकला. "भाभी, हे नका सांगू. मंग ते म्हनतीन भितच खराब होती, आमचा दोष नाई."

"म्हनू दे. ज्यानं केलं नाई त्याचं नाव मी घेनार नाई. मले अजून घरात बसून दिवस काढाचे हायेत, ते वझं घेऊन नाई बसत मी."

थोड्या वेळाने ताडपत्रीच्या कडेने एक मोबाइल बाहेर आला. रफीकभाईंचा. "ईदेचे फोटो हायेत. दुकानापुढचे. हा फोन त्यांचा हाये, सांभाळून."

फोटो बरेच होते. नव्या कपड्यांतले रफीकभाई, कधी भावासोबत, कधी आईसोबत, कधी एकटे. प्रत्येकात मागे ती भिंत. मी घरी येऊन ते मशीनवर घेतले. मॉडेल बनवायचं तर आधी एक काम करावं लागतं. हलणारी माणसं झाकायची. फोटोतल्या माणसाच्या बाह्यरेषेवरून माउस फिरवायचा आणि आतली जागा काळी करायची, म्हणजे सॉफ्टवेअर फक्त मागची भिंत बघतं. एरवी हे काम मी गाणी ऐकत करतो. त्या दिवशी एकेका फोटोतून रफीकभाईंना काळं करत गेलो. टोपी, चेहरा, खांदे. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी त्यांच्या दारात कॅमेरा काढायला मला संकोच वाटला होता. आता त्यांनाच पुसत बसलो होतो. बायकोने मागून विचारलं, "हे कोन?" मी म्हणालो, "ज्यांचं घर पडलं ते."

आणि मॉडेल बनलं नाही. घरचे फोटो घरच्यांसारखेच काढलेले होते. काढणारा एका जागी उभा, समोरची माणसं बदलत गेलेली. डोळा जागचा हललाच नव्हता. दोन-चार ठिपके मिळाले, भिंत मिळाली नाही.

मी सगळे काळे फोटो पुसून टाकले. फोन परत करायचा म्हणून मूळ फोटो एकदा शेवटचे बघत होतो, नुसते बघायचे म्हणून. एका फोटोत रफीकभाई एकटे उभे होते. नमाजवरून आल्यानंतरचं सकाळचं कडक ऊन. त्यांच्या उजव्या खांद्यालगत, मागच्या भिंतीवर, छपराच्या पत्र्याची सावली पडली होती. पत्र्याची कड सरळ. सावलीची कड सरळ नव्हती. खांद्यापासून निघून ती मध्ये धनुष्यासारखी वाकली होती आणि पुढे पुन्हा सरळ झाली होती. सपाट भिंतीवर सरळ कडेची सावली अशी वाकत नाही. भिंत तिथे पुढे आलेली असली तरच वाकते.

रफीकभाईंना काळं करताना मी ती सावलीही काळी केली होती. ऊन नको, सावली नको, माणूस नको, हे मी इतकी वर्षं शिकत आणि शिकवत आलो. मला हवं होतं ते त्याच सावलीत, त्याच माणसाच्या खांद्याशी होतं.

राठोड साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला.

"पत्राच वाकडा असंल तं?"

"पत्रा त्यांच्या मागच्या अंगणात पडलाय. लोखंडी अँगलला बसवलेला आहे. चला, बघू."

सलीमने आणि मी अँगलला दोरी लावली. दोरी टोकापासून टोकापर्यंत अँगलला चिकटून राहिली. अँगल सरळ होता. साहेबांनी दोरीवरून स्वतः बोट फिरवलं, दोनदा. मग तिथे विटांच्या ढिगाऱ्यावर बसले आणि कपाळावरचा घाम पुसला.

"म्हन्जे ही लाल पाह्यजे होती," ते म्हणाले. "टेकू लावले असते तं उभी राह्यली असती."

"हो."

"हे लिहून देता का तुमी?"

"देतो."

मी लिहून दिलं. भिंत आधीपासून फुगलेली होती, ते तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, आणि केल्याचं लिहिलं. ऑपरेटरचा यात दोष नाही. सलीमने अर्ज दिला नाही. कंत्राटदाराने भिंत नव्याने बांधून दिली, विटा-सिमेंटची. शिरसाट मॅडमनी मला नोकरीवरून काढलं नाही, पण सही करण्याचा अधिकार काढून घेतला. माझ्या मॉडेलवर आता दुसरं कोणीतरी सही करतं. ते योग्यच आहे. रफीकभाईंची आई काठी घेऊन चालते. ती मला ओळखते आणि "बैठो" म्हणते. मी बसतो. मला तिथे बसणं जड जातं, म्हणून बसतो.

त्या गल्लीचं मॉडेल मी पुन्हा बनवलं. रफीकभाईंच्या भिंतीची जागा तशीच रिकामी ठेवली आणि शेजारी लिहिलं, इथे फोटो घेतलेले नाहीत. राठोड साहेब म्हणाले, "एवढं मोठं भोक कायले ठेवलं? वाईट दिसते."

"दिसू द्या," मी म्हणालो.

नवीन लोकांना मी अजूनही तेच शिकवतो. पाऊल टाका, फोटो काढा, झूम हलवू नका, ढगाळ दिवस बघा. त्यात एकच भर घातली आहे. फोटो काढणं बरं दिसत नाही असं जिथे वाटेल, तिथे दार वाजवून विचारा. घरच्यांनी नाही म्हटलं तर मॉडेलमध्ये भोक ठेवा.

विलास मशीनवर परत आला. आता त्याची मशीन दुसऱ्या साइटवर आहे, माझं तिकडे जाणं होतं. तो माझा नमस्कार घेतो. मी चहाला बोलावतो तेव्हा म्हणतो, "आताच झाला, सर." दर वेळी आताच झालेला असतो.